स्वस्त पाच एकर आणि परवान्यातली एक ओळ : कोलोराडोतल्या काउंटी-निवडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरा शहरात राहणारे हे मराठी कुटुंब. नवरा-बायको चाळिशीतले, दोघांचीही कामे घरून होणारी, मुलगा दहा वर्षांचा. नवऱ्याची आई, वय ७२, कायम त्यांच्याकडेच. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. काउंट्या, कायदे, उंची आणि अंतरे मात्र आहेत तशीच ठेवली आहेत.

२०२० मध्ये दुकानांतली रिकामी फडताळे त्यांनी पाहिली होती. ३० डिसेंबर २०२१ च्या मार्शल आगीत लुइसव्हिल आणि सुपिरियर या डेन्व्हरच्या उपनगरांतली हजारावर घरे एका दिवसात जळाली, तेव्हा गावाबाहेर जमीन घ्यायचे नक्की झाले. बंकर, बंदुका असला प्रकार त्यांच्या डोक्यात नव्हता. तीन आठवडे बाहेरून काहीही आले नाही तरी घर चालले पाहिजे, आणि पाच वर्षांत घरच्या भाज्या, अंडी, बटाटे आणि घेवड्यासारखी कडधान्ये यांतले निम्मे तरी स्वतःच्या जमिनीतून यायला हवे, एवढेच उद्दिष्ट होते. ते लिहून ठेवलेले होते, ही चांगली गोष्ट. बहुतेक लोक जमीन आधी पाहतात आणि उद्दिष्ट तिच्यावर बेतून घेतात.

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. ती निवडणे अमेरिकेत महत्त्वाचे का, हे भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवे. गावाच्या हद्दीबाहेर बांधकामाचा परवाना, सेप्टिकची मंजुरी, आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहता येते की नाही, रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार, मालमत्ता कर किती, शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, किती वेळात पोचणार, हे सगळे काउंटी ठरवते. नियमही तीच करते. दोन शेजारच्या काउंट्यांत जमीन-अस्मान फरक असू शकतो.

त्यांनी एक तक्ता केला. बारा निकष, प्रत्येकी दहा गुण : जमिनीचा भाव, कर, विरळ वस्ती, ऊन, डेन्व्हरपासूनचे अंतर, पाऊस, पाणी, आगीचा धोका, दवाखाना, शाळा, इंटरनेट, बांधकामाचे नियम. तीन काउंट्या शेवटपर्यंत टिकल्या. कोस्टिला ८७, कस्टर ८१, डेल्टा ७८.

अडचण कुठे होती

कोस्टिला काउंटी राज्याच्या दक्षिण टोकाला, सॅन लुईस खोऱ्यात आहे. क्षेत्रफळ बाराशे चौरस मैलांच्या वर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन हजार. खोऱ्याचा तळच साडेसात-आठ हजार फुटांवर. ऊन भरपूर, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी कागदावर पाडलेले पाच-पाच एकरांचे हजारो तुकडे आजही काही हजार डॉलरला मिळतात. फोर्ट गारलंडजवळचा असाच एक तुकडा त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जवळजवळ पक्का केला. जाहिरातीत लिहिले होते : ‘ऑफ-ग्रिडसाठी तयार, स्वतःची विहीर खणा.’ ऑफ-ग्रिड म्हणजे बाहेरच्या वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय, आणि इथे विहीर म्हणजे बोअर.

करारावर सही करण्याआधी बायकोने एक साधी गोष्ट केली. कोलोराडोच्या जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या तुकड्यांचे बोअर-परवाने उघडले. ते कुणालाही पाहता येतात. प्रत्येक परवान्यावर जवळपास सारखीच ओळ होती : पाण्याचा वापर एका कुटुंबाच्या घराच्या आत, घरगुती कामापुरताच.

त्या ओळीचा अर्थ असा. ३५ एकरांपेक्षा लहान तुकड्यावर, आणि तोही १ जून १९७२ पूर्वी पाडलेल्या प्लॉटमध्ये असेल तर, सहसा फक्त घरगुती वापराचा परवाना मिळतो. भाजीला पाणी नाही, झाडांना नाही, कोंबड्यांना आणि शेळ्यांनाही नाही. ३५ एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर मिनिटाला १५ गॅलनपर्यंतचा बोअर, तीन घरांपर्यंत वापर, एक एकरापर्यंत बाग आणि जनावरांचे पाणी, असा परवाना मिळू शकतो. पाच एकर आणि पस्तीस एकर यांतला फरक म्हणजे घराभोवती हिरवे काही असणार की नाही, हा फरक.

‘मग पावसाचे पाणी साठवू,’ हा पुढचा विचार. कोलोराडोत २०१६ पर्यंत तेही बहुतेकांना बेकायदा होते. त्या वर्षीच्या कायद्याने एका घराला दोन पिंपे, मिळून ११० गॅलन म्हणजे सुमारे ४१६ लिटर, एवढी मुभा दिली. बोअरचा हक्क असलेल्यांना छताचे पाणी साठवण्याची सवलत २००९ पासून आहे, पण ते पाणीही परवान्यात लिहिलेल्या कामांनाच वापरायचे. म्हणजे पुन्हा घराच्या आतच.

कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. खोऱ्यातल्या अलामोसा शहराला वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून सुमारे १८० मिलिमीटर. शंभर चौरस मीटरच्या छतावरून, वीस टक्के वाया धरून, वर्षाला साधारण १४,४०० लिटर. तीनशे चौरस मीटरच्या भाजीच्या बागेला आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ७,५०० लिटर. वर्षभराचे सगळे छतपाणी दोन आठवडेही पुरत नाही. खोऱ्यात गोठवणाऱ्या दहिवराशिवायचे दिवस जेमतेम ९० ते १००. तेवढ्या हंगामाला सुद्धा ९५ हजार लिटरच्या वर पाणी लागते.

तक्त्यात ‘पाणी’ या निकषाला कोस्टिलाचे गुण होते सहा, कारण जाहिरातीत विहीर होती. भाव, कर, ऊन आणि विरळ वस्ती यांचे मिळून चाळीसपैकी चाळीस होते, आणि त्या बेरजेत पाण्याची उणीव बुडून गेली. गुणांच्या बेरजेत स्वस्त जमीन पाण्याची तूट भरून काढते. बागेत काढत नाही.

पर्याय

कोस्टिला मनातून लगेच उतरली नाही, आणि उतरू नये असे बरेच काही तिथे आहे. म्हणून त्यांनी त्याच काउंटीत तीन वाटा तपासल्या.

पहिली : पाच एकर घ्यायचे आणि पाणी टाकीने आणायचे. पुष्कळ लोक तसे राहतात. २७५ गॅलनची पिंजऱ्यातली चौकोनी टाकी वापरायची, हे सगळ्यांच्या डोक्यात येते. ती भरली की पाण्याचेच वजन सुमारे १,०४० किलो होते, आणि साध्या अर्ध्या टनी पिकअपची वाहक्षमता बहुधा सातशे-आठशे किलो असते. पाऊण भरली तर वळणावर पाणी हिंदकळून गाडी ओढली जाते. ब्रेक असलेला ट्रेलर लागतोच. चार माणसे अगदी काटकसरीने, दिवसाला ३२० लिटरमध्ये राहिली तरी एक टाकी तीन दिवसांची. म्हणजे बर्फातसुद्धा आठवड्याला दोन-तीन खेपा. त्यात ही टाकी थंडीत फुटते ती पोटात नाही, खालच्या दोन इंची तोटीत. तोटीतले थोडेसे पाणी रात्रीत गोठते, प्लास्टिकला केसासारखी चीर जाते आणि दुपारी बर्फ वितळला की हजार लिटर पाणी अंगणात.

दुसरी : पस्तीस एकर. पैसे जमले असते, पण बोअर किती खोल जाईल हे शेजारच्या परवान्यांवरून पाहिले तर आकडे शंभर फुटांपासून सहाशेच्या पुढेपर्यंत विखुरलेले. सॅन लुईस खोऱ्यातल्या खासगी बोअरमध्ये आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त सापडते, हेही माहीत असलेले. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. ओट्याखालचे रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्र पिण्यापुरते चालते, पण ते जेवढे शुद्ध पाणी देते त्याहून जास्त टाकून देते.

तिसरी वाट सगळ्यांत भारी : सॅन लुईस गावाच्या खालच्या बाजूची, असेकियाच्या पाण्याखालची जमीन. असेकिया म्हणजे स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेला सामुदायिक पाट. १८५२ चा सॅन लुईस पीपल्स डिच हा कोलोराडोतला सर्वांत जुना नोंदलेला पाणीहक्क आहे. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत जशी गावाने वाटून घेतलेली पाळी असते, तसाच इथला कारभार. पाट साफ करायला सगळ्यांनी जायचे, पाळी मायोर्डोमो, म्हणजे पाटाचा कारभारी, ठरवणार. पण अशा जमिनी फारशा विकायला निघत नाहीत. शिवाय २००९ च्या कायद्याने असेकियांना आपल्या नियमावलीत एक तरतूद करता येते : पाणी विकायला निघाले तर खरेदीचा पहिला हक्क असेकियाचा.

त्याच शोधात सरपणाची भानगड कळली. काउंटीच्या पूर्वेचा मोठा डोंगर खासगी मालकीचा आहे. तिथे चराई, सरपण आणि लाकूड यांचा हक्क कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला, तो मूळ वस्तीपर्यंत मालकी मागे नेता येईल अशा जमिनींच्या धारकांना. माळावरचा पाच एकरवाला त्यात बसत नाही. त्याने राष्ट्रीय वनाचा परवाना काढून दूरवरून लाकूड आणायचे. नकाशावर डोंगर घराशेजारी, आणि सरपण तासाभराच्या अंतरावर.

आता ज्या गोष्टीने प्रश्न खऱ्या अर्थाने निकालात काढला ती. सासूबाईंना फुप्फुसांचा जुना त्रास. डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर त्या ठीक असतात. फोर्ट गारलंडजवळच्या तुकड्याची उंची ऐकून त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की तिथे बहुधा रात्री ऑक्सिजन लागेल. घरगुती ऑक्सिजन यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट खाते. दहा तासांना ३ ते ३.५ युनिट. तीन ढगाळ दिवसांची तरतूद म्हणजे दहा युनिट, आणि बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच उतरवायची तर साडेबारा युनिटांची बॅटरी निव्वळ एका यंत्रासाठी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, आणि या खोऱ्यात जानेवारीत रात्रीचे तापमान उणे १८-२० पर्यंत जाणे नेहमीचे. म्हणजे बॅटरीसाठी ऊबदार खोली, खोलीसाठी सरपण, सरपणासाठी परवाना. एका माणसाच्या तब्येतीने अख्ख्या घराचा आराखडा बदलत गेला.

काउंटीत इस्पितळ नाही. फोर्ट गारलंडहून अलामोसा पंचवीस मैल, त्यापुढचे मोठे उपचार प्युब्लो किंवा डेन्व्हरला, ला व्हेटा खिंडीतून. ही खिंड ९,४०० फुटांवर. हिवाळ्यात बर्फाने बंद पडते, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात १ लाख ८ हजार एकर जाळणारी स्प्रिंग क्रीक आग लागली तेव्हा हाच महामार्ग बंद होता. गावातल्या नळाला पाणी आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. मार्च २००८ मध्ये अलामोसाच्या नळाच्या पाण्यातच साल्मोनेला निघाला, शेकडो लोक आजारी पडले आणि शहराला कित्येक दिवस बाटलीच्या पाण्यावर काढावे लागले. पाणी खोल बोअरचे, म्हणून त्यात क्लोरीन न घालण्याची सूट शहराला होती.

कस्टर काउंटीबद्दल थोडक्यात. वेस्टक्लिफचे पठार सुंदर, बांधकामाचे नियम मोकळे, पण उंची तीच जवळपास ७,९०० फूट, इस्पितळ नाही आणि पाण्याची गोष्टही तीच. दृश्य सुंदर म्हणून तिथे आणखी वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

निर्णय : बेरीज बंद, चाळणी सुरू

इथे त्यांनी तक्ता फेकून दिला नाही. त्याच्या आधी एक चाळणी लावली. चार अटी, आणि एकही अट चुकली तर ती काउंटी बाद, बाकी गुण कितीही असोत.

१. घराबाहेर, किमान अर्ध्या एकराला पाणी देण्याचा हक्क कागदावर दाखवता आला पाहिजे.
२. उंची ६,५०० फुटांच्या आत.
३. आपत्कालीन विभाग असलेले इस्पितळ हिवाळ्यातही ४५ मिनिटांत.
४. बाहेर पडायला दोन वेगळ्या दिशांचे रस्ते.

कोस्टिला पहिल्या दोन अटींत बाद झाली, कस्टर पहिल्या तीनमध्ये. तिसऱ्या क्रमांकाची डेल्टा उरली. आमच्या मते इथे पाचवी अटही असायला हवी होती, आगीच्या विम्याची. तिच्याबद्दल पुढे.

डेल्टा काउंटी राज्याच्या पश्चिम उतारावर आहे. लोकसंख्या एकतीस हजारांच्या आसपास. सफरचंद, जर्दाळू, पीच, चेरी यांच्या बागा, बंद पडलेल्या कोळसा-खाणी, आणि डोंगरावरून येणारे पाट. हॉचकिसची उंची सुमारे ५,३५० फूट, म्हणजे डेन्व्हरएवढीच. डेल्टा गावातले इस्पितळ वीस मैलांवर. काउंटीची बांधकाम-संहिता नाही. राज्याचे वीज आणि प्लंबिंगचे परवाने आणि काउंटीचा सेप्टिक परवाना मात्र लागतोच. २०२१ पासून जमीन-वापराचे नियम आले आहेत, ते वाचून घ्यावे लागतात. जमीन कोस्टिलाच्या तुलनेत कितीतरी महाग. पाच एकरऐवजी जुने घर घ्यायचे आणि ऑरोराचे विकायचे, असे ठरले.

कृती

काउंटी ठरल्यावर अर्धेच काम झाले. कायदा काउंटीचा, पण पाणी आणि माती तुकड्या-तुकड्याची.

पहिली जागा त्यांनी मातीवरून सोडली. डेल्टाच्या सखल भागात मँकोस शेलपासून झालेली करडी चिकणमाती आहे. स्थानिक लोक त्या उघड्या टेकड्यांना ‘डोबी’ म्हणतात. ही माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते, पायाला तडे देते. तिच्यात क्षार आणि सेलेनियम असते, म्हणून पाणी मुरवत राहणेही बरे नव्हे. केंद्रीय कृषी खात्याचा मृदा-नकाशा संगणकावर फुकट पाहता येतो. त्यात तुकड्याची हद्द आखली की मातीचा प्रकार, निचरा आणि फुगण्याचे प्रमाण दिसते. तरी फावडे घेऊन जावे. त्यांनी दीड फूट खणून मूठभर माती ओली केली, तिची सुतळीसारखी वळी करून बोटाला गुंडाळली. वळी तुटली नाही. तिथेच ती जागा संपली.

दुसरी जागा मेसावर, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावर, दगड-गोटे मिसळलेल्या चांगल्या जमिनीवर. पण पाटाचे शेअर विकणारा स्वतःकडेच ठेवत होता. पाटपाणी जमिनीबरोबर आपोआप येत नाही. पाट कंपनीचे शेअर वेगळे विकले जातात, आणि कराराच्या पाणीविषयक रकान्यात ते लिहिले नसतील तर सहा एकर कोरडे घेतल्यासारखेच.

तिसरी जागा घेतली. हॉचकिसजवळ, सहा एकर, जुने घर. खरेदीपूर्वी विचारलेल्या गोष्टी क्रमाने अशा :

शेअर किती, प्रमाणपत्र कुणाच्या नावावर, हस्तांतराचे शुल्क किती, मागची आकारणी थकलेली आहे का. एका शेअरला प्रत्यक्षात किती पाणी; हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते, नुसत्या आकड्याला अर्थ नाही. पाटाचा अग्रक्रम कोणत्या वर्षाचा (जितका जुना हक्क, तितके आधी पाणी) आणि कोरड्या वर्षी कधी पाणी तुटते. यातला शेवटचा प्रश्न विक्रेत्याला विचारायचाच नाही. तो डिच रायडरला, म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्याला विचारायचा. त्याच्याकडून मागच्या दहा वर्षांत पाणी बंद झाल्याच्या तारखा मिळाल्या. कोरड्या वर्षी जुलैअखेर, चांगल्या वर्षी सप्टेंबरपर्यंत.

घरच्या पाण्याचे वेगळे. इथे लहान-लहान पाणी कंपन्या आणि गावे पिण्याच्या पाण्याची जोडणी, ‘टॅप’, देतात. शेजारच्या पेओनिया गावाने २०२० मध्ये नव्या जोडण्यांवर बंदी घातली. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये, झरे आटलेले आणि वाहिनीला गळती, अशात गावाचा पुरवठा कोलमडला होता. त्यामुळे ‘टॅप घेता येईल’ या आश्वासनावर न जाता चालू टॅप असलेलेच घर पाहिले आणि बिले मागून घेतली.

सेप्टिकची टाकी उघडून दाखवायला लावली. तीन बेडरूमच्या घराला राज्याच्या नियमाने हजार गॅलनची टाकी लागते, आणि शोषखंदक विहिरीपासून किमान शंभर फूट. हे नियम नव्या कामाला असतात. जुन्या घरात काय पुरले आहे ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही.

खरेदी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. पाठोपाठ पहिले काम म्हणून लसूण लावला, कारण तो जुलैत निघतो आणि पाणी तुटण्याच्या भानगडीत सापडत नाही. पुढचे नियोजनही त्याच तारखांवर बेतले : मटार, बटाटे, कांदे पाटाच्या पाण्यावर, टोमॅटो, मिरच्या, घेवडा या उशिरा चालणाऱ्या पिकांचे शंभर चौरस मीटर टॅपच्या ठिबकवर. शेततळे खणून पाटाचे पाणी साठवू, हा बेत सोडावा लागला. तसे साठवून ठेवायला वेगळा साठवण-हक्क लागतो.

पाटाचे पाणी शेतात नेण्यासाठी भोके आणि सरकत्या झडपा असलेला सहा इंची पाइप घेतला. पहिल्याच आठवड्यात तो काडी-कचऱ्याने तुंबला. पाण्याच्या तोंडाशी जाळी बसवतात, पण ती उभी बसवली तर कचरा तिला चिकटून राहतो आणि पाणी वरून उसळते. जाळी तिरपी हवी, म्हणजे पाणी खाली पडते आणि काड्या घसरून बाजूला जातात.

साठवणीच्या अन्नात एक गोष्ट मराठी घरांसाठी मुद्दाम सांगायला हवी. आपला पाच लिटरचा कुकर बरण्या सीलबंद करायला वापरू नये. डाळ शिजवणे वेगळे आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे बीजाणू मारणे वेगळे. अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीला निदान चार क्वार्ट (सुमारे एक लिटरच्या) बरण्या मावणारा प्रेशर कॅनर लागतो. काटा असलेल्या कॅनरला समुद्रसपाटीला ११ पाउंड दाब, तर ४,००१ ते ६,००० फुटांवर १३ आणि ६,००१ ते ८,००० फुटांवर १४. तसेच कणीक साठवू नये, काही महिन्यांत खवट होते. गहू साठवावा आणि दळावा. भारतातून घरघंटी आणायचा विचार झाला होता, पण ती २२० व्होल्टची, घरातला साधा प्लग १२० चा. शेवटी हाताने फिरवायची चक्की आली.

परिणाम

सासूबाईंना ऑक्सिजन लागला नाही. २०२४ अखेर घरचा लसूण, बटाटे, कांदे आणि अंडी वर्षभर पुरतात. कडधान्यांचे निम्म्याचे उद्दिष्ट कुठेच जवळ नाही; तूर इथे होत नाही, घेवडा होतो पण थोडा. तूरडाळ, तांदूळ, हिंग वर्षातून दोनदा डेन्व्हरहून येतात. वीज सहकारी संस्थेचीच घेतली, लहान बॅटरी फक्त फ्रीज, राउटर आणि घर तापवणाऱ्या भट्टीच्या पंख्यापुरती.

चौथी अट लगेच कामाला आली. मे २०२३ मध्ये भरपूर बर्फ वितळून पेओनिया आणि सॉमरसेटच्या मधला १३३ क्रमांकाचा महामार्ग वाहून गेला, कित्येक आठवडे बंद. एप्रिल २०२४ मध्ये ब्लू मेसा जलाशयावरच्या पुलाला तडा सापडला आणि गनिसनकडे जाणारा ५० क्रमांकाचा रस्ता महिनोन्महिने विस्कळीत झाला. पूर्वेचे दोन्ही रस्ते असे वर्षाच्या अंतराने गेले. पश्चिमेचा, डेल्टा-ग्रँड जंक्शनचा, चालू होता, म्हणून घरात कुणाला काही जाणवले नाही. नुसत्या डेन्व्हरच्या जवळपणाला गुण देणाऱ्या तक्त्यात हे कुठेच दिसले नसते.

फळझाडे मात्र फसवतात. एप्रिलमध्ये फुलोरा आला की कडक दहिवराची एक रात्र पुरते. एप्रिल २०२० मध्ये या भागातली जर्दाळू आणि पीचची फळे अशीच गेली होती, आणि हे सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक होते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘बारा फळझाडे’ होती, त्यांतली सात जर्दाळूची.

वेगळे काय करता आले असते

विम्याचा भाव खरेदीआधी घ्यायला हवा होता. दोन कंपन्यांनी आगीच्या धोक्यामुळे नकार दिला, तिसरीने दिला तो अंदाजाच्या दुप्पट. घराला खेटलेली जुनिपरची झुडपे काढून, पहिल्या पाच फुटांत फक्त खडी घालून आणि तीस फुटांपर्यंतच्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटून दुसऱ्या वर्षी हप्ता थोडा उतरला. ही कामे विम्याच्या अटीसकट कराराच्या वाटाघाटीत मांडता आली असती.

हिवाळ्यातली भेट सर्वांत आधी हवी. कोस्टिलात ते पहिल्यांदा सप्टेंबरमध्ये गेले होते, तेव्हा खोरे सोनेरी दिसते. फेब्रुवारीत चार रात्री भाड्याने राहिले असते, तर सहा महिन्यांची शोधाशोध वाचली असती.

डॉक्टरांचे मतही सुरुवातीलाच घ्यायचे. घरातल्या सगळ्यांत नाजूक माणसाला काय चालेल हे आधी कळले असते, तर आठ हजार फुटांवरच्या दोन काउंट्या तक्त्यात आल्याच नसत्या.

एक काम अजून राहिले आहे. टॅप बंद पडला तर घरात आज चार दिवसांचेच पाणी आहे, उद्दिष्ट तीन आठवड्यांचे. काटकसरीचे ३२० लिटर धरले तरी २१ दिवसांना ६,७०० लिटर, म्हणजे १,७०० गॅलनच्या पुढे, असा हिशेब. त्यासाठी १,८०० गॅलनची जमिनीखालची टाकी ठरली आहे. नळाचे पाणी आधी टाकीत आणि मग घरात, म्हणजे ते शिळे होणार नाही. टाकीत भरणारा नळ पाण्याच्या कमाल पातळीच्या वर, मध्ये हवेचे अंतर सोडून, नाहीतर वाहिनीतला दाब उतरल्यावर टाकीतले पाणी गावाच्या वाहिनीत ओढले जाते आणि पाणी कंपनी जोडणी तोडते. नळ्या गोठणरेषेच्या खाली, पंपाला हाताने चालवायचा पर्याय. खड्डा जमीन गोठण्याआधी खणून व्हायला हवा.